घर पुन्हा विकायला कधी काढावे?



घर विकायला काढले. चार-सहा महिने लोक आले, बघून गेले. कुणी भाव पाडून मागितले, कुणी इसार दिला आणि परत नेला. शेवटी कंटाळून घरच्यांनी ठरवले की, आता नको, राहू दे. वर्ष गेले. गरज मात्र जिथल्या तिथे आहे. मग घरात पुन्हा तोच विषय निघतो, आता परत कधी काढायचे? कल्याण, अंबरनाथ, नालासोपारा, पिंपरी, नागपूर, कुठल्याही कामगार वस्तीत गेले तरी असे एखादे घर सापडतेच.

ज्यांची चार घरे आहेत त्यांचे एक विकले गेले नाही तरी चूल पेटतेच. आपल्या माणसाकडे घर एकच असते. वडिलांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या पाळ्या आणि आईच्या भिशीचे पैसे त्या भिंतींत असतात. म्हणून हा विषय या सदरात सविस्तर घ्यावा असे आम्हाला वाटले.

बहुतेक लोक या प्रश्नाचे उत्तर तारखेत शोधतात. कुणी म्हणतो दसऱ्याला काढू. कुणी म्हणतो मेट्रो येऊ दे. शेजाऱ्याचे विकले गेले की कुणी दुसऱ्याच दिवशी दलालाला फोन लावतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. पहिल्या खेपेला घर का विकले गेले नाही, त्याचे कारण आधी शोधा. ते कारण दूर झाले की घर काढा, मग महिना कोणताही असो. कारण तसेच ठेवून घर काढले तर दसराही जाईल आणि दिवाळीही जाईल. कारणे बहुधा चार असतात. भाव, कागद, घराची अवस्था आणि बाजार. आपल्या समाजाच्या वाट्याला एक पाचवेही येते. त्याबद्दल शेवटी बोलू.

आधी भावाचे पाहू. शेजारी सांगतो तो भाव नव्हे. दलाल पहिल्या दिवशी सांगतो तोही नव्हे, कारण घर आपल्या हाती यावे म्हणून तो आकडा फुगवून सांगतो आणि महिन्याभराने खाली आणायला लागतो. खरा भाव म्हणजे आपल्याच इमारतीतले किंवा गल्लीतले घर मागच्या वर्षभरात ज्या किमतीला नोंदले गेले तो. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे आपण जिला इंडेक्स टू म्हणतो ती, पाहता येते. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि चार-पाच दस्त बघा. एकाच दस्तावर जाऊ नका.

पहिल्या खेपेला आलेल्या मागण्याही आठवून कागदावर लिहा. आपण २४ लाख सांगितले आणि सहापैकी पाच जणांनी २१-२२ च्या आसपास मागितले, तर बाजाराने आपला भाव सांगून टाकला आहे. २४ ही आपली इच्छा आहे. इच्छा असण्यात गैर काही नाही, पण तिच्यापायी किती दिवस थांबायचे याचा हिशेब करावा. समजा घर बंद पडून आहे आणि हातात आलेले २२ लाख आपण नाकारले. ते बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाचे १,४३,००० रुपये व्याज झाले असते. वर्षभर थांबून २३ लाख मिळाले तर एक लाख वाढले, पण ४३,००० चा तोटाच झाला. वर सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वेगळी. घरात भाडेकरू असेल किंवा आपण स्वतः राहत असू, तर हा हिशेब बदलतो. तो ज्याने त्याने आपला मांडावा.

ज्यांना हे घर विकून मोठे घ्यायचे आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाव वाढले की विकू, असे ते म्हणतात. पण भाव एकट्या आपल्या घराचा वाढत नाही. आपले २२ लाखांचे घर आणि घ्यायचे ३५ लाखांचे घर, दोन्ही दहा टक्क्यांनी वाढली तर आपले २,२०,००० ने वाढते आणि समोरचे ३,५०,००० ने. थांबण्यात १,३०,००० रुपये आपल्याच खिशातून गेले. उलट जो गावी लहान घर बांधून राहणार आहे, त्याला थांबल्याचा फायदा होऊ शकतो. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही.

दुसरे कारण कागद. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त व्यवहार इथेच मोडतात. अंबरनाथच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. वडील कारखान्यातून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. घर वन रूम किचन. गिऱ्हाईक चांगले मिळाले, ५१,००० इसारही झाला. पण त्याच्या बँकेने कागद मागितले तेव्हा कळले की, भाग प्रमाणपत्रावर अजून वडिलांचेच नाव आहे. सोसायटीत थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून होते, म्हणून घर त्याचेच अशी सगळ्यांची समजूत. बँकेने ती मानली नाही. चार महिने गेले, गिऱ्हाईक इसार घेऊन दुसरीकडे गेले. आता थोरला म्हणतो, दसऱ्याला परत काढू. धाकटा म्हणतो, मेट्रो येईपर्यंत थांबू. आई काहीच बोलत नाही.

या घराला आमचे सांगणे असे की, दसरा आणि मेट्रो दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी वारसांचे काम पुरे करा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो सोसायटीच्या सोयीसाठी असतो. बौद्ध कुटुंबांनाही वारसाच्या बाबतीत १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. त्याची आई हयात असेल तर तिलाही तेवढाच मिळतो. या घरात आजी नाही, म्हणजे वाटे चार झाले. २२ लाख आले तर प्रत्येकी साडेपाच लाख.

आणि इथे खरी अडचण निघते. बहिणीकडे जाऊन भाऊ सांगतात, "ताई, नुसती सही पाहिजे, बँकेला लागते." ताई भावावर विश्वास ठेवून सही करते. पुढे तिला कळते की ती हक्कसोडपत्रावर होती. बंधूंनो, असे करू नका. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवावे, तो तिचा निर्णय. पण विक्रीसाठी तिने हक्क सोडलाच पाहिजे असे मुळीच नाही. सर्व वारसांनी मिळून खरेदीखतावर सही करावी आणि आपापला वाटा आपापल्या खात्यात घ्यावा, हा सरळ मार्ग आहे. भगिनींनीही कागद वाचल्याशिवाय सही करू नये. साडी-चोळीत भागवण्याची ही गोष्ट नव्हे.

पहिल्या गिऱ्हाइकाचा गुंताही सोडवून घ्यावा. नुसता इसार घेतला होता आणि तो परत केला, तर परत मिळाल्याची आणि व्यवहार रद्द झाल्याची पावती लिहून घ्या. साठेखत नोंदले गेले असेल तर ते रद्द केल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. नाहीतर नव्या गिऱ्हाइकाच्या वकिलाला शोध घेताना ते सापडते आणि व्यवहार पुन्हा अडतो. घरावर कर्ज होते आणि ते फिटले असेल तर मूळ कागद बँकेकडून आणले का, ते पाहा. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत दिले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सोसायटी हस्तांतरणासाठी भरमसाट रक्कम मागत असेल तर महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, हेही ठाऊक असावे. म्हाडाचे घर असेल तर पाच वर्षे विकता येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घरालाही मुदतीची अट असते. ती मुदत संपल्याची खात्री संबंधित कार्यालयातून करून घ्यावी आणि मगच दलालाकडे जावे. मुदतीआधी नुसत्या मुखत्यारपत्रावर घर देऊन पैसे घेणारे पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

तिसरे कारण घराची अवस्था. गिऱ्हाईक येते ते आधी छत बघते, मग मोरी, मग नळाचे पाणी. जुलैत आलेल्या माणसाला भिंतीची ओल दिसली तर तो पावसाळाभर विसरत नाही. ओल रंगाखाली लपवून जानेवारीत घर काढावे, असा सल्ला देणारे भेटतील. आम्ही म्हणतो, गळती मुळापासून काढा, एक पावसाळा कोरडा जाऊ द्या आणि मग छाती पुढे करून घर दाखवा. भिंतीला चुना, दाराच्या कड्या, वायरिंगचे लोंबते तुकडे, एवढे नीट करायला फार खर्च येत नाही. पण विकायच्या घरात नवा ग्रॅनाइटचा ओटा आणि टाइल्स घालून दीड लाख गुंतवू नका. ते पैसे भावात वसूल होतीलच याची खात्री नसते.

चौथे कारण बाजार. आपण मुहूर्त मानत नाही, पण गिऱ्हाईक मानते. भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात बरेच लोक घराचा व्यवहार करत नाहीत. दसरा, दिवाळी, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवसांत मात्र विचारपूस वाढते. त्यात ग्रहताऱ्यांचा संबंध नाही. दिवाळीच्या आसपास कामगाराच्या हाती बोनस असतो. एप्रिल-मेमध्ये मुलांच्या शाळा संपलेल्या असतात आणि जूनमध्ये नव्या भागात दाखला घेता येतो. गिऱ्हाइकाकडे पैसा आणि सवड केव्हा असते, एवढेच आपण बघायचे.

पैशाचे गणित समजून घ्या. २२ लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देते. उरलेले २,२०,००० त्याने स्वतः आणायचे. मुद्रांक शुल्क शहराप्रमाणे ५ ते ७ टक्के. ६ टक्के धरले तर १,३२,००० झाले. नोंदणी फी एक टक्का म्हणजे २२,०००. एकूण पावणेचार लाख रुपये त्याच्या गाठीला हवेत. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागते. खरेदी स्त्रीच्या नावाने झाली तर एक टक्का सवलत आहे. हे गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगावे. त्याचे वाचले तर आपला व्यवहार जुळतो.

सरकार आणि रिझर्व्ह बँक यांचे निर्णयही गिऱ्हाईक आणतात. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्क्यांनी कमी केले. तेव्हा कोरोनाच्या काळातही नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली. ज्यांचे कागद तयार होते त्यांनी त्या सात महिन्यांत घरे विकली. ज्यांचे नव्हते ते कागद गोळा करीत राहिले. व्याजाचेही तसेच आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि कर्जे महागली. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने उतरून डिसेंबरात सव्वापाचवर आला. महिन्याला १८,००० हप्ता भरू शकणाऱ्या माणसाला २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी २० लाख कर्ज मिळते. ८ टक्क्यांनी त्याच हप्त्यात साडेएकवीस लाख मिळते. व्याज उतरले की त्याच माणसाची ऐपत दीड लाखाने वाढते. असा काळ घर काढायला बरा.

पण मोठमोठ्या प्रकल्पांच्या नावावर थांबू नका. नवी मुंबईच्या विमानतळाची चर्चा १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेवढ्या काळात कडेवरची मुले संसाराला लागली. शिवाय प्रकल्पाची बातमी आली की भाव त्याच दिवसापासून थोडा चढलेला असतो. अंबरनाथच्या धाकट्या भावाला आम्ही हेच सांगू.

आता त्या आईबद्दल, जी काही बोलत नाही. घर विकल्यावर तिने जायचे कुठे, हे त्या घरात कुणी अजून ठरवलेले नाही. पुढचे छप्पर ठरल्याशिवाय घर बाजारात काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घाईने विकून पैसे वाटले जातात, आई चार महिने याच्याकडे, चार महिने त्याच्याकडे राहते आणि शेवटी ट्रंक घेऊन गावी जाते. ज्यांना दुसरे घर घ्यायचे आहे त्यांना कायद्यानेही मुदत दिली आहे. दोन वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे असलेले घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. पण तो नफा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घराच्या खरेदीत किंवा तीन वर्षांत बांधकामात घातला तर करात सूट मिळते. इतर अटी जाणकाराला विचारून घ्याव्यात. आणखी एक, गिऱ्हाईक म्हणेल की, निम्मे पैसे रोख घ्या. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे कायद्याला मंजूर नाही आणि घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. सगळे पैसे बँकेतूनच घ्यावेत.

राहिले पाचवे कारण. एका भगिनीने आम्हाला सांगितले की, त्यांच्या दलालाने घर बघायला माणसे आणण्याआधी फोन केला, "वहिनी, भिंतीवरचा तो फोटो तेवढा आत ठेवा. गिऱ्हाईक बिचकतं." त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो दारासमोरच आहे. त्यांनी काढला नाही. आलेल्या जोडप्याने घर न्याहाळले, आडनाव विचारले, गाव विचारले आणि "कळवतो" म्हणून गेले. पुढे दलाल म्हणाला, "तुमच्या वस्तीत एवढा भाव येत नाही, दोन लाख उतरवा." त्यांनी घर काढून घेतले. आता त्या विचारतात, परत केव्हा काढू?

ताई, पहिली चार कारणे आपली आपण दूर करायची असतात. हे कारण आपले नाही. म्हणून ते दूर होण्याची वाट बघत बसू नका आणि त्यासाठी एक रुपयाही उतरवू नका. तुमच्याच इमारतीतले नोंदलेले दस्त काढून दलालापुढे ठेवा. त्याचे दोन लाख कुठून आले ते त्याला दाखवता येणार नाही. दुसरा दलाल बघा. घराची बातमी आपल्या वाटांनीही फिरवा. कारखान्याचा फलक, रेल्वे आणि पालिकेतले सहकारी, युनियन, विहारातली मंडळी, बचत गट, सर्वांना सांगा. त्यांतून येणाऱ्या माणसाला दलालीही द्यावी लागणार नाही. घर घेणारा एकच लागतो, दहा नव्हे. कुणी अडचणीत असताना फोटो आत ठेवला असेल तर आम्ही त्या घराला दोष देणार नाही, दोष विचारणाऱ्याचा आहे. पण ज्या फोटोखाली मुलांनी अभ्यास केला तो आपल्याच घरातून आपणच उतरवावा, एवढी घाई कोणत्याही व्यवहाराला नसते.

तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. आई, सुना आणि लग्न झालेली बहीणसुद्धा त्यात हवी. एका वहीत पाच ओळी ओढाव्यात. आपला भाव नोंदलेल्या दस्तांशी जुळतो का? सगळे कागद एका पिशवीत आहेत का? गळती थांबली का? गिऱ्हाइकाच्या हाती पैसा असण्याचे दिवस आहेत का? आणि विकल्यावर कोण कुठे राहणार? पहिल्या तिन्हींवर खूण झाली आणि पाचवीचे उत्तर आईला मान्य असले की घर काढा. चौथीसाठी फार तर दोन-तीन महिने थांबावे, त्याहून जास्त नाही. घर काढल्यावर एकच भाव सांगा. पाच दलालांकडे पाच भाव ठेवू नका. तीन महिन्यांनी पुन्हा बसा आणि आलेल्या मागण्या वाचा.

आणि पाचव्या ओळीचे उत्तरच मिळत नसेल, तर घर विकायचे नाही हाही निर्णय आहे. तो घेतलात तर पुन्हा पुन्हा दलालाला बोलावू नका. खोलीला चुना काढा, वारसांची नावे लावून घ्या आणि निर्धास्त राहा. घर तुमचे आहे.

जयभीम.